एआयच्या उत्तरात आपली लिंक आणून देणारी सर्व्हिस: सहा महिने वापरली, आता बंद केली

सगळ्यात आधी रेटिंग सांगून टाकते, म्हणजे घाईत असाल तर इथूनच परत फिरता येईल. ५ पैकी २. त्यातला एक स्टार पहिल्या दोन आठवड्यांतल्या ऑडिटला, म्हणजे साइटच्या तपासणीला, आणि दुसरा ते ऑडिट करणाऱ्या मुलाला, त्याने बिचाऱ्याने मनापासून काम केलं आणि तिसऱ्या महिन्यात तो नोकरी सोडून गेला. बाकी सगळं म्हणजे रंगीत ग्राफ, दर पंधरवड्याला मीटिंग आणि माझ्याच लेखांची माझ्याच पैशाने लावलेली वाट. सर्व्हिसचं नाव लिहीत नाहीये. अशा सतराशे साठ निघाल्यात, नाव बदललं तरी स्लाइड्स त्याच असतात.

माझी साइट घरच्या फिशटँकबद्दल आहे, बारा वर्षं चालवतेय, दोनेकशे लेख असतील. नवीन टँकमध्ये मासे का मरतात, फिल्टर कधी धुवायचा, पाणी किती बदलायचं, असले प्रश्न लोक रात्री अकरा वाजता घाबरून शोधतात आणि माझ्याकडे येतात. यायचे, म्हणजे. २०२४ च्या मे महिन्यात गूगलने अमेरिकेत एआय ओव्हरव्ह्यूज, म्हणजे सर्चच्या वरच एआयने लिहिलेली उत्तरं, सुरू केले, मग ते देशोदेशी पसरले, त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला चॅटजीपीटीमध्ये सर्च आलं, आणि माझे वाचक हळूहळू ओसरायला लागले. उत्तर वरच मिळतंय तर खाली कोण येणार. वर मजा अशी की ते उत्तर वाचताना कधीकधी मला माझीच वाक्यं ओळखू यायची आणि लिंक मात्र दुसऱ्याच कुणाची असायची. हे बघून जे डोकं फिरतं ना, त्या भरात मी ह्यांचा डेमो बुक केला.

डेमोत एक स्लाइड होती, 'एआयमधली व्हिजिबिलिटी ४० टक्क्यांनी वाढवा', खाली बारीक अक्षरात 'रिसर्चनुसार'. हा रिसर्च म्हणजे जिओचा पेपर, जिओ म्हणजे जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन. प्रिन्स्टन, जॉर्जिया टेक, आयआयटी दिल्ली आणि ॲलन इन्स्टिट्यूट फॉर एआय इथल्या लोकांनी मिळून लिहिलेला, नोव्हेंबर २०२३ मध्ये आला आणि २०२४ च्या केडीडी ह्या डेटा सायन्सच्या कॉन्फरन्समध्ये मांडला गेला. मी तो पैसे भरल्यानंतर वाचला, ही माझी चूक, तुम्ही आधी वाचा. त्यात १०,००० प्रश्नांचा संच आहे आणि लेखात नऊ प्रकारचे बदल करून बघितलेत. सोर्स देणं, कुणाचं तरी थेट म्हणणं देणं आणि आकडे देणं, हे तीन प्रकार चांगले चालले, काही मापांवर ४० टक्क्यांपर्यंत. कीवर्ड कोंबण्याचा काही उपयोग झाला नाही. स्लाइडवर येताना त्यातला 'पर्यंत' गळून पडला होता. आणि स्लाइडवर अजिबातच नसलेली गोष्ट अशी की सोर्स देण्याचा फायदा सर्चमध्ये पाचव्या नंबरवर असलेल्या साइटना सगळ्यात जास्त झाला, त्यांची व्हिजिबिलिटी ११५.१ टक्क्यांनी वाढली, आणि पहिल्या नंबरवाल्यांची सरासरी ३०.३ टक्क्यांनी घटली. म्हणजे उत्तर तेवढंच राहतं, त्यात कुणाला किती जागा मिळते ते फक्त बदलतं. सगळ्यांनीच हे केलं तर काय होणार, असं मी डेमोवाल्याला नंतर विचारलं तर तो म्हणाला, "म्हणूनच तर मॅडम, लवकर सुरू करायचं." 😀

आता चांगलं काय ते सांगते, कारण ऑडिट खरंच चांगलं होतं.

त्या मुलाने पहिल्याच कॉलवर माझा मोठा गैरसमज दूर केला. मला वाटायचं की एआयच्या डोक्यात आपला लेख 'शिकवला' गेला की तो आपलं नाव घेणार. तसं नसतं. ट्रेनिंगमध्ये जे जातं ते विरघळून जातं, कुठून आलं ते मॉडेलला नीटसं सांगता येत नाही. क्लिक करून उघडता येणारी लिंक येते ती त्या क्षणी केलेल्या सर्चमधून. तुम्ही एक प्रश्न विचारता, टूल त्याचे चार-पाच छोटे प्रश्न करतं, गूगल ह्याला क्वेरी फॅन-आउट म्हणतं, त्या प्रत्येकाला सर्च करतं, पानं उचलतं, पानातले उपयोगी तुकडे बाजूला काढतं, त्यावरून उत्तर लिहितं आणि शेवटी लिंक चिकटवतं. म्हणून आधी बॉटला, म्हणजे पानं गोळा करत फिरणाऱ्या त्यांच्या प्रोग्रामला, तुमच्या पानापर्यंत पोचता आलं पाहिजे, मग सर्चमध्ये ते पान सापडलं पाहिजे, आणि मग त्यात असा एक तुकडा पाहिजे जो उचलून दुसरीकडे ठेवला तरी त्याचा अर्थ लागेल. ह्यातलं पहिलंच माझ्याकडे गंडलेलं होतं.

झालं होतं असं की २०२३ मध्ये ओपनएआयने जीपीटीबॉट आणला तेव्हा सगळ्यांसारखी मीही चिडून रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे कुठल्या बॉटने यावं आणि कुठल्याने नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्याला बंदी घातली होती. मला वाटलं तेच कारण असेल. तो म्हणाला, तसं नाही, जीपीटीबॉट ट्रेनिंगसाठी येतो, चॅटजीपीटीच्या सर्चसाठी ओएआय सर्चबॉट नावाचा वेगळा बॉट आहे, पहिल्याला बाहेर ठेवून दुसऱ्याला आत घेता येतं. तसंच गूगल-एक्स्टेंडेड, म्हणजे आपला मजकूर गूगलच्या एआय ट्रेनिंगला वापरू नका असं सांगायला रोबोट्स फाइलमध्ये घालायचं नाव. हे मला माहीत असायला हवं होतं पण नव्हतं: गूगल-एक्स्टेंडेडला नाही म्हटलं तरी एआय ओव्हरव्ह्यूजवर त्याचा काही परिणाम होत नाही, तिथे नेहमीचा गूगलबॉटच चालतो, आणि तिथून बाहेर राहायचं असेल तर पानाच्या कोडमध्ये नोस्निपेट वगैरे खुणा लावाव्या लागतात, ज्याने सर्चमधला तुमचा उताराही जातो. म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं.

मग खरं कारण सापडलं ते सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे साइटवर कोण आलं आणि काय मागितलं त्याच्या नोंदींत. त्याने मला लॉग काढायला लावले आणि स्क्रीन शेअर करून आम्ही दोघं ओळी बघत बसलो. रोबोट्स फाइल बॉट वाचतोय, तिथे २०० म्हणजे मिळालं, सगळं छान, आणि पुढच्याच ओळीत लेख मागितला की ४०३, म्हणजे प्रवेश नाही. परत लेख, परत ४०३. दारावर 'या, स्वागत आहे' अशी पाटी आणि आत वॉचमन हाकलून देतोय. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये बॉटपासून संरक्षण देणारं एक बटण होतं, ते कधीतरी अपडेटमध्ये आपोआप चालू झालं होतं आणि मला पत्ताच नाही. तुम्हीही आजच बघून घ्या, साइटना संरक्षण देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने तर १ जुलै २०२५ पासून नवीन साइटना एआय क्रॉलर डिफॉल्टनेच ब्लॉक ठेवायला सुरुवात केलीये. ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, माझ्या मते योग्यच आहे, पण आपल्याला माहीत तरी असावं ना.

दुसरी सापडलेली गोष्ट म्हणजे माझा टेबल. पाण्यातला अमोनिया, पीएच आणि तापमान ह्यांचा एक मोठा तक्ता मी हौसेने जावास्क्रिप्टमध्ये केला होता, टॅबवर क्लिक केलं की आकडे बदलतात वगैरे. ब्राउझरमध्ये सुंदर दिसायचा. पेज सोर्स उघडला तर तिथे रिकामा डबा. गूगलबॉट जावास्क्रिप्ट चालवून बघतो, एआयवाल्यांचे बरेचसे क्रॉलर चालवत नाहीत, त्यांना जे साध्या एचटीएमएलमध्ये आहे तेवढंच दिसतं. साइटवरची सगळ्यात कष्टाची गोष्ट त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हती. तो तक्ता मी एका संध्याकाळी साध्या टेबलमध्ये बदलला, दिसायला जुनाट दिसतो, असू दे.

ह्या दोन दुरुस्त्यांनंतर तीनेक आठवड्यांत माझी लिंक काही उत्तरांत दिसायला लागली. इथेच थांबले असते तर हा रिव्ह्यू ४ स्टारचा असता.

पण पॅकेजमध्ये 'कंटेंट ऑप्टिमायझेशन' होतं. त्यांच्या टीमने माझे तीस लेख घेतले आणि 'एआय-रेडी' करून परत दिले. पहिला उघडला. पहिलं वाक्य: 'आजच्या धावपळीच्या जगात फिशटँक हा मनःशांतीचा उत्तम मार्ग आहे.' अहो, ज्याचा मासा उलटा तरंगतोय तो माणूस हे पान उघडतो, त्याला मनःशांती काय सांगताय! प्रत्येक सबहेडिंगचा प्रश्न केलेला. प्रत्येक लेखाच्या खाली आठ प्रश्नोत्तरं, त्यातली सहा वर लेखात आलेलीच, आणि त्याला वर एफएक्यूचा स्कीमा, म्हणजे ही प्रश्नोत्तरं आहेत असं सर्च इंजिनला सांगणारी कोडमधली लेबलं. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्येच एफएक्यूवाले रिझल्ट सरकारी आणि आरोग्याच्या नामांकित साइटपुरते ठेवले, आणि एआय ओव्हरव्ह्यूजसाठी कुठला खास स्कीमा लागत नाही हे त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं तर समोरून, "बेस्ट प्रॅक्टिस आहे मॅडम." बरं.

खरा कहर पुढे. 'तज्ज्ञांच्या मते' हे शब्द तीस लेखांत किती वेळा आले असतील ते मोजायचं मी सोडून दिलं. कोण तज्ज्ञ, कुठले, काही नाही. आणि नवशिक्यांचे मासे मरण्याबद्दल एक टक्केवारी घुसडलेली, दशांश चिन्हासकट. सोर्स विचारला. दोन दिवसांनी उत्तर आलं की 'इंडस्ट्री डेटा' आहे. तो आकडा मी इथे लिहीत नाहीये, नाहीतर उद्या कुठलंतरी टूल ह्याच पानाची लिंक देऊन तो लोकांना सांगत बसेल. हसण्यावारी नेऊ नका, ह्याच मार्गाने खोटे आकडे फिरतात. एकाने बनवला, दुसऱ्याने सायट केला म्हणजे सोर्स म्हणून दाखवला, तिसऱ्याला एआयने दिला आणि चौथ्याने एआयचा म्हणून छापला. पेपर म्हणतो आकडे द्या, ह्यांनी त्याचा अर्थ आकडे बनवा असा काढला.

तीसपैकी सत्तावीस लेख मी जसेच्या तसे मागे फिरवले. बॅकअप होता म्हणून, नाहीतर पोपटच झाला असता.

आणि ह्याच ऑप्टिमायझेशनच्या यादीत माझ्या एका पानापुढे 'लो व्हॅल्यू, काढून टाका' असा लाल शेरा होता. ते पान म्हणजे नऊ वर्षांपूर्वी मी नवा टँक मासे न सोडता सायकल करताना, म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्यात वाढू देताना, रोज ठेवलेली वही. ४१ दिवस. शब्द जवळजवळ नाहीतच, नुसत्या नोंदी. ११ वा दिवस, अमोनिया ४ पीपीएम (दहा लाखात चार भाग), नायट्राइट ०.५. २६ वा दिवस, अमोनिया शून्य, नायट्राइट ५ च्या वर, रंग इतका गडद की कार्डाशी जुळवता येईना. ३८ वा दिवस, दोन्ही शून्य, नायट्रेट ४०. कुठल्या टेस्ट किटने मोजलं, तापमान किती होतं, मध्ये दोन दिवस लाइट गेले तेव्हा काय झालं, एवढंच. मी ते काढलं नाही, आळसाने म्हणा. तर साहेब, सहा महिन्यांत एआयच्या उत्तरांत सगळ्यात जास्त वेळा आलेलं माझं पान कुठलं असेल? तेच. 'टँक सायकल व्हायला किती दिवस लागतात' ह्याला चार ते सहा आठवडे असं उत्तर हजार साइट देतात, त्यामुळे त्यासाठी कुणाला सायट करायची गरजच पडत नाही, ते मॉडेलला तसंही येतं. पण 'अमोनिया शून्य झालाय पण नायट्राइट उतरतच नाहीये, नॉर्मल आहे का' असं विचारलं की कुणीतरी ते खरंच मोजून लिहिलेलं लागतं, आणि ते फार लोकांनी लिहिलेलं नाहीये. सर्व्हिसवाल्यांच्या स्कोअरिंगमध्ये त्या पानाला शंभरपैकी बावीस होते, शब्दसंख्या कमी म्हणून.

आता डॅशबोर्ड. दिसायला अफलातून, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी एक 'एआय व्हिजिबिलिटी स्कोअर' यायचा, ३४.७, मग ३६.१, मग ३३.९, आणि मी चहा पिता पिता शेअर मार्केटसारखं बघत बसायचे. एके दिवशी सहज त्यांच्याच यादीतला एक प्रश्न मी स्वतः एका टूलला दहा वेळा विचारला, दर वेळी नवीन चॅट उघडून, शब्द तेच. माझी लिंक चार वेळा आली. सहा वेळा नाही. दोन उत्तरांचे सोर्स सारखे आलेत असं क्वचितच झालं. मग विचारलं की तुम्ही एक प्रश्न रोज किती वेळा विचारता, तर एकदा. आणि तोही एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेल्या वेगळ्या वाटेने, माणसं जे ॲप वापरतात त्यातून नाही, आणि दोन्हीकडे उत्तर सारखं येईलच असं नाही. एकदा नाणं उडवायचं आणि त्याचा दशांशात स्कोअर द्यायचा. शिवाय प्रश्न कुठल्या भाषेत विचारलाय, आधी त्या चॅटमध्ये काय बोलणं झालंय, ह्यानेही सोर्स बदलतात. डॅशबोर्डमध्ये ते काही नाही. आणि प्रश्नही त्यांनीच बनवलेले, 'बिगिनर्ससाठी सर्वोत्तम फिशटँक माहिती' असले, जे जिवंत माणूस कधीच विचारत नाही. माणूस विचारतो, 'मासा कोपऱ्यात बसून राहिलाय काल संध्याकाळपासून'.

एलएलएम्स डॉट टीएक्सटीचं थोडक्यात उरकते. ही जेरेमी हॉवर्ड ह्या एआय संशोधकाने सप्टेंबर २०२४ मध्ये सुचवलेली कल्पना, साइटवर एक साधी फाइल ठेवायची ज्यात मॉडेलसाठी महत्त्वाच्या पानांची यादी असते. कल्पना वाईट नाही. पण गूगलच्या जॉन म्यूलरने २०२५ मध्ये तिची तुलना जुन्या कीवर्ड्स मेटा टॅगशी केली, म्हणजे साइटवाले स्वतःच आपल्या पानाबद्दल शब्द भरायचे आणि शेवटी सर्च इंजिनांनी तिकडे बघणंच सोडलं, आणि ज्यांनी तो जमाना बघितलाय त्यांना ह्याचा अर्थ कळेल. सर्व्हिसमध्ये हे 'प्रीमियम फीचर' होतं, वरच्या प्लॅनमध्ये. मी घेतलं. चार महिन्यांचे लॉग चाळले. ती फाइल मागायला एकच बॉट नियमित यायचा, आणि तो ह्यांचा स्वतःचा, फाइल जागेवर आहे का ते तपासायला.

आता ज्या प्रकरणामुळे मी बंद करायचं ठरवलं ते. एका वाचकाचा ईमेल आला, जरा रागातच. त्याने फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला, चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, आणि हे 'तुमच्या सांगण्यावरून' केलं. मी उडालेच. बारा वर्षं मी बोंबलून सांगतेय की स्पंज नळाखाली धुऊ नका. त्याने स्क्रीनशॉट पाठवला. एका एआय टूलचं उत्तर, 'स्पंज नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा', आणि शेजारी छोटासा आकडा, त्यावर माझी लिंक.

आधी त्याला पाणी बदलायला सांगितलं, मग माझं पान उघडून त्या टूलच्या नजरेने वाचलं. हेडिंग होतं 'स्पंज नळाखाली धुणे'. पहिलं वाक्य, 'बहुतेक जण स्पंज नळाखाली धरतात आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळखळून धुतात.' मग पहिल्या वर्षी मीही असंच केलं त्याची गोष्ट, जरा रंगवून लिहिलेली, आणि तीन परिच्छेद खाली गेल्यावर एकदाचं, 'हे कधीही करू नका.' वाचणाऱ्या माणसाला ह्यात मजा येते, आधी चूक, मग पश्चात्ताप, मग धडा. तुकडे करून उचलणाऱ्या यंत्राने मात्र वरचा तुकडा उचलला आणि 'नका' तीन परिच्छेद खाली राहिला. चूक त्याचीच, पण माझ्या लिहिण्याने ती सोपी करून दिली हेही खरं. कोलंबिया विद्यापीठाच्या टो सेंटर ह्या पत्रकारितेच्या संशोधन केंद्राने मार्च २०२५ मध्ये आठ एआय सर्च टूल्स तपासली होती, बातमीतला उतारा द्यायचा आणि ती कुठली बातमी ते ओळखायला सांगायचं, असे १,६०० प्रश्न, आणि ६० टक्क्यांहून जास्त उत्तरं चुकली. त्यामुळे लिंक आली म्हणजे तुमचंच म्हणणं आलं असं समजू नका, अधूनमधून उघडून वाचत जा.

मी ते बदललं. हेडिंग केलं 'फिल्टरचा स्पंज कशात धुवायचा'. पहिलं वाक्य, 'फिल्टरचा स्पंज टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्या.' दुसरं, 'नळाखाली धुतला तर क्लोरीनने स्पंजातले बॅक्टेरिया मरतात आणि टँकमधला अमोनिया वाढतो.' 'तो', 'हे', 'वर सांगितल्याप्रमाणे' असले शब्द त्या दोन वाक्यांत ठेवले नाहीत, कारण तुकडा सुटा झाला की 'तो' म्हणजे कोण हे त्याला कळत नाही. माझी गोष्ट खाली सरकवली, काढली नाही, ज्याला वाचायचीय तो वाचेल. महिन्याभराने त्याच टूलला तोच प्रश्न विचारला तर उत्तर बरोबर आलं. लिंक दुसऱ्याच साइटची होती. चालायचंच, मासे तर वाचले.

हे सगळं मी अकाउंट मॅनेजरला सांगितलं. डॅशबोर्डमध्ये ते चुकीचं उत्तर हिरव्या रंगात होतं, प्लस वन. मी म्हटलं अहो, ह्यात माझ्या नावावर उलटं सांगितलंय, मासे मरायला आले होते. त्यावर तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "पण मॅडम, साइटेशन तर मिळालं ना?"

त्याच कॉलवर त्याने पुढचं पॅकेज काढलं. 'ऑफ-साइट ऑथॉरिटी'. म्हणजे वेगवेगळ्या नावांनी ठिकठिकाणी माझ्या साइटची स्तुती लिहायची, 'टॉप १०' याद्यांमध्ये नाव घालून आणायचं. एआय अशा ठिकाणांहून उचलतं हे खोटं नाही. रेडिट ह्या चर्चेच्या साइटने २०२४ मध्ये गूगलशी आणि मग ओपनएआयशी तिथला मजकूर वापरू द्यायचे करार केलेत, आणि त्याच वर्षी पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून गोंद लावा असा सल्ला एआय ओव्हरव्ह्यूजने दिला होता तो रेडिटवरच्याच एका जुन्या थट्टेतून आलेला. पण ह्याचा निष्कर्ष 'चला आपणही तिथे काहीतरी पेरून येऊ' असा काढणाऱ्यांशी माझं जमणार नाही. नको म्हटलं.

एवढं करून लिंक आलीच तर लोक येतात का? फारसे नाही, हे आधीच सांगून ठेवते. प्यू रिसर्च ह्या अमेरिकन संशोधन संस्थेने मार्च २०२५ मधलं ९०० अमेरिकन लोकांचं ब्राउझिंग तपासलं, त्यात गूगलवर एआयचा सारांश दिसला तेव्हा नेहमीच्या रिझल्टवर क्लिक ८ टक्के वेळा झालं, सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के. आणि सारांशातल्या लिंकवर क्लिक, १ टक्का. एक. चॅटजीपीटीकडून येणारे लोक ॲनालिटिक्समध्ये वेगळे दिसतात, चॅटजीपीटी लिंकच्या शेपटीला स्वतःचं नाव लावून पाठवतं, तर माझ्याकडे ते आठवड्याला एवढे येतात की मी त्यांना नावाने ओळखू शकेन. ह्या सर्व्हिसने ओसरलेला ट्रॅफिक परत येईल असं कुणी सांगत असेल तर कॉल कट करा.

घ्यावी का कुणी? ऑडिट सुटं मिळत असेल तर घ्या, एकदाच, आणि लॉग स्वतः बघायला शिकून घ्या. मोठी कंपनी असेल आणि वरिष्ठांना दर महिन्याला ग्राफ दाखवायचा असेल तर डॅशबोर्डही घ्या बापडे. एकटे लिहिणारे असाल तर तेवढ्या वेळात काहीतरी मोजून, करून बघून, तारखा टाकून लिहा. मी सध्या क्लोरामाइनवर लिहितेय, नळाच्या पाण्यात जंतू मारायला कुठेकुठे क्लोरीनऐवजी घालतात ते, क्लोरीनसारखं ते पाणी रात्रभर उघडं ठेवून उडून जात नाही, त्याचे रोजचे रीडिंग घेतेय. आज नववा दिवस.

रद्द करायला तीन ईमेल आणि एक 'फीडबॅक कॉल' लागला, डेटा एक्सपोर्ट पीडीएफमध्ये दिला, म्हणजे न दिल्यासारखाच. एलएलएम्स डॉट टीएक्सटी मी त्याच दिवशी उडवली. पण त्यांचा बॉट काही ऐकत नाही. काल रात्री ३ वाजून १२ मिनिटांनी परत आला होता, फाइल मागितली, ४०४ म्हणजे 'सापडली नाही' असं उत्तर मिळालं, दहा सेकंदांनी परत मागितली, परत ४०४, आणि गेला.